जनरेटर चालू, तरी वॉर्डात अंधार: लाईन गेल्यावर दरवेळी होणारा घोटाळा कुठे शोधायचा

नागपुरात मी दोन रुग्णालयं, एक रक्तपेढी आणि एका मोठ्या वसाहतीचं पंपघर इतक्या ठिकाणची इलेक्ट्रिकची कामं बघतो. सुपरवायझरचं लायसन्स आहे, वीसेक वर्षं हेच करतोय. दर उन्हाळ्यात आणि दर पावसाळ्यात मला तोच फोन येतो. फोन करणारी माणसं बदलतात, वाक्य तेच असतं: "भाऊ, लाईन गेली, जनरेटर चालू आहे, पण वरती काहीच नाही."

जनरेटर नाही म्हणून अडलं, असं मी फार कमी वेळा पाहिलं. जनरेटर असतो, डिझेलही असतं. अडतं ते जनरेटर आणि रुग्णाच्या खाटेजवळचा सॉकेट यांच्या मधल्या आठ-दहा दुव्यांपैकी एकावर. दर सोमवारी बटण दाबून दहा मिनिटं जनरेटर फिरवणं, ज्याला सगळीकडे "टेस्टिंग" म्हणतात, त्यात या मधल्या दुव्यांपैकी एकही तपासला जात नाही. तपासलं जातं फक्त इंजिन.

एक रात्र सांगतो. मे महिना, रात्री पावणेदोन. नवजात बालकांच्या कक्षातल्या सिस्टरचा फोन. मी बाईक काढून पोचलो तेव्हा आवारात जनरेटरचा आवाज घुमत होता, डिझेलचा वास होता, आणि वर त्या कक्षात मोबाईलच्या टॉर्चवर काम चाललेलं. एक सिस्टर अँबू बॅग (हाताने श्वास देणारी पिशवी) दाबत होत्या, दुसरीने दोन बाळं आयांच्या छातीशी देऊन वरून गोधडी घातली होती. बाजूच्या मेल वॉर्डात मात्र पंखे मजेत फिरत होते. खाली पॅनलसमोर उभा राहिलो तर "मेन्स हेल्दी"चा, म्हणजे बाहेरची लाईन ठीक असल्याचा, हिरवा दिवा लागलेला. तिथेच कळलं. तीन फेजपैकी आर फेजचा फ्यूज उडाला होता, वाय आणि बी व्यवस्थित होते. लाईन आहे की गेली हे ओळखणारा पॅनलमधला सेन्सिंग रिले फक्त वाय फेज बघत होता. त्याच्या हिशोबाने लाईन गेलीच नव्हती, म्हणून त्याने जनरेटर सुरूच केला नाही. चौकीदार काकांनी घाबरून किल्लीने मॅन्युअल सुरू केला, पण चेंजओव्हर, म्हणजे इमारत मेन्सवरून जनरेटरवर नेणारा स्विच, पलटवायला त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. जनरेटर भरभरून चालत होता आणि त्याची वीज कुठेच जात नव्हती. बाळांचा कक्ष नेमका आर फेजवर.

मेन्सचा ब्रेकर पाडला, जनरेटरचा चढवला, कक्ष उजळला. बाळं सुखरूप राहिली ती त्या दोन सिस्टरांमुळे. माझ्या रजिस्टरमध्ये मात्र गेल्या चार महिन्यांच्या प्रत्येक सोमवारसमोर "जनरेटर ओके" लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात.

जनरेटर सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन लोड घेत नाही

सगळ्यात आधी सेन्सिंग बघा. पॅनलवाल्याला विचारू नका, स्वतः बघा. मेन्सच्या बाजूचा एकेक फेजचा कंट्रोल फ्यूज काढा आणि जनरेटर आपोआप येतो का पाहा. तिन्ही वेळा आला पाहिजे. फेज पूर्ण जाणं ही सोपी गोष्ट आहे. ११ केव्हीच्या बाजूला एक डीओ (खांबावरचा फ्यूज) उडाला तर डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मरमधून खाली एक फेज पूर्ण येतो आणि उरलेल्या दोन फेजवर जवळपास निम्मं व्होल्टेज येतं, ११५ च्या आसपास. दिवे मिणमिणतात, फ्रिजचे कॉम्प्रेसर घुरघुरतात आणि जळतात. साधा रिले याला "लाईन आहे" म्हणतो. म्हणून तिन्ही फेज बघणारा आणि कमी व्होल्टेजवरही सुटणारा रिले हवा. जनरेटरच्या किमतीपुढे त्याचा खर्च काहीच नाही.

मग बॅटरी. नागपूरच्या उन्हात जनरेटरच्या खोलीत बॅटरीचं पाणी किती लवकर उडतं हे एप्रिल-मे मध्ये पंधरा दिवसांनी झाकण उघडून बघणाऱ्यालाच माहीत. मीटरवर १२.६ व्होल्ट दिसले की लोक निर्धास्त होतात. ते आकडे काहीच काम करत नसलेल्या बॅटरीचे असतात. स्टार्टर फिरत असताना मीटर टर्मिनलवर धरा. १२ व्होल्टची बॅटरी त्या क्षणी साडेनऊच्या खाली जात असेल तर तिचा भरवसा धरू नका, ती पहाटे चारला दगा देईल. चार्जरचा एमसीबी पडलेला आहे आणि कुणाच्या लक्षातच नाही, हेही मी तीन ठिकाणी पाहिलंय. आणि सिलेक्टर स्विच. सर्व्हिसवाला सर्व्हिस करतो, सुरक्षेसाठी सिलेक्टर "मॅन्युअल"वर ठेवतो, जे बरोबरच आहे, आणि जाताना "ऑटो"वर करायला विसरतो. सर्व्हिसच्या पावतीवर सही करण्याआधी सिलेक्टर डोळ्यांनी बघायचा, हा मी नियमच केलाय.

जनरेटर आला, व्होल्टेज आलं, पण ती वीज पुढे सोडणारा कॉन्टॅक्टर ओढत नाही, तर त्याची कॉइल जळालेली असते किंवा मेन्स आणि जनरेटर एकदम जोडू न देणाऱ्या इंटरलॉकमध्ये धूळ-गंज अडकलेला असतो. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. अशा वेळी घाईत इंटरलॉक काढून जोडणी करून देणारे मिस्त्री आहेत. करू देऊ नका. जनरेटरची वीज उलटी महावितरणच्या तारांत गेली तर खांबावर चढलेला लाईनमन मरतो. त्याच्या दृष्टीने ती तार मेलेली असते. न्यूट्रलसकट चारही पोल तोडणारा चेंजओव्हरच पाहिजे.

येतो, पण पंधरा-वीस मिनिटांत बंद पडतो

उन्हाळ्यात हे उष्णतेमुळे होतं, पावसाळ्यात डिझेलमुळे.

नागपुरात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बंद खोलीत किंवा कॅनॉपीत आत ५५ पर्यंत तापमान सहज पोचतं. बहुतेक जनरेटरची पूर्ण क्षमता ४० अंशांच्या हिशोबाने दिलेली असते, त्यापुढे ती उतरते. त्यात रेडिएटरची गरम हवा जिथून बाहेर पडते तिथे भिंत असेल तर तीच हवा फिरून परत आत ओढली जाते आणि पाण्याचं तापमान वाढून सेट ट्रिप होतो. एका ठिकाणी मी दोन दिवस थर्मोस्टॅट, फॅनबेल्ट, पंप सगळं तपासलं. कारण निघालं लूव्हरसमोर, म्हणजे हवेच्या जाळीसमोर, रचलेल्या मोडक्या लोखंडी खाटा. भांडारपालाला जागा नव्हती म्हणून त्याने तिथे ठेवल्या होत्या. खाटा हलवल्या, ट्रिपिंग थांबलं.

डिझेल वर्षभर टाकीत पडून राहिलं की तळाशी पाणी साठतं, त्या पाण्यात शेवाळासारखा काळा चिखल वाढतो, फिल्टर भरतो. बिनलोडाच्या दहा मिनिटांत हा त्रास दिसत नाही, कारण इंजिन तेव्हा डिझेल ओढतच नाही म्हटलं तरी चालेल. खरा लोड आला की गुदमरतं. टाकीच्या तळाचा ड्रेन महिन्याला उघडून काचेच्या बाटलीत अर्धा लिटर घ्या आणि उजेडात धरून बघा. वर डिझेल, खाली पाणी, दोन थर स्पष्ट दिसतात. आणखी एक: सतत बिनलोड किंवा अगदी थोड्या लोडवर फिरवलेल्या इंजिनात न जळलेलं डिझेल आणि काजळी साचते, सायलेन्सरमधून ओलसर काळं गळायला लागतं. म्हणजे ते सोमवारचं "टेस्टिंग" नुसतं अपुरं नाही, ते इंजिनाचं नुकसानही करतं.

जनरेटर लोडवर आहे, तरी काही खाटांजवळ वीज नाही

यामागची कारणं इलेक्ट्रिकची कमी आणि माणसांच्या सवयींची जास्त असतात. रुग्णालय दहा वर्षांत वाढतं. नवीन विंग बांधली, तिचं वायरिंग करणाऱ्याने जवळ पडलं म्हणून साध्या मेन्सच्या बसवर, म्हणजे जनरेटर न पोचणाऱ्या पट्टीवर, जोडलं. कोविडच्या काळात बऱ्याच ठिकाणी हवेतून ऑक्सिजन काढणारे पीएसए प्लांट बसले. त्यांचे कॉम्प्रेसर मोठे असतात आणि जनरेटर त्याच्या कितीतरी आधी, जुन्या लोडच्या हिशोबाने घेतलेला असतो. द्रव ऑक्सिजनची टाकी विजेशिवायही ऑक्सिजन देत राहते, पीएसए प्लांट देत नाही. तुमच्याकडे कुठला आहे आणि मॅनिफोल्ड, म्हणजे एकत्र जोडलेले राखीव सिलिंडर, किती तास पुरेल, हे इलेक्ट्रिशियनलाही तोंडपाठ हवं.

आणि कूलर. हे आपल्या नागपूरचंच दुखणं. लाल सॉकेट जनरेटरवर आहेत हे वॉर्डात सगळ्यांना माहीत असतं, म्हणून नातेवाईक घरून आणलेला कूलर लाल सॉकेटवरच लावतात. लाईन गेली तर कूलर बंद पडू नये, एवढाच त्यांचा हेतू. ४५ डिग्रीत आजारी आईच्या उशाशी बसलेल्या माणसाला मी काय बोलणार? पण एकाच १६ अँपियरच्या सर्किटवर तीन वॉर्मर, सक्शन आणि पाच कूलर असले की जनरेटर येताच सगळ्या मोटरी एकदम ओढतात, एमसीबी पडतो, आणि कूलरसोबत वॉर्मरही जातो. नुसत्या सूचना लावून काही होत नाही. आम्ही वॉर्डात कूलरसाठी वेगळं सर्किट काढलं, तेही जनरेटरवर, पण उशिराने चढणारं, आणि लाल सॉकेट खाटेच्या डोक्याशी वर नेले जिथे कूलरची वायर पोचत नाही. त्यानंतर तिथे तो एमसीबी पडला नाही.

यूपीएसचा घोटाळा मात्र सगळ्यात फसवा असतो, म्हणून जरा थांबून सांगतो. लाईन जाते, यूपीएस बॅटरीवर जातो, दहा सेकंदांत जनरेटर येतो, सगळे हुश्श करतात. वीस-पंचवीस मिनिटांनी आयसीयूतले मॉनिटर एकदम बंद. जनरेटर तर चालूच असतो! झालेलं असं असतं की यूपीएसने जनरेटरची वीज स्वीकारलेलीच नसते. जुन्या मेकॅनिकल गव्हर्नरचा (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) सेट पूर्ण लोडला ५० हर्ट्झवर लावलेला असतो, म्हणजे कमी लोडला तो ५२ वर फिरतो. यूपीएसची मर्यादा ४९ ते ५१ ठेवलेली असेल तर तो ही वीज खराब समजतो, आणि मुकाट्याने बॅटरी संपवत बसतो. बीप वाजत असते, पण रात्री आयसीयूत किती गोष्टींच्या बीप वाजत असतात! चाचणीच्या वेळी जनरेटर आल्यावर पाच मिनिटांनी प्रत्येक यूपीएसच्या डिस्प्लेवर "बॅटरी" आहे की "इनपुट", हे वाचा. बॅटरी दिसली तर यूपीएसच्या इंजिनिअरकडून मर्यादा रुंद करून घ्या किंवा सेटला इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर लावा. यूपीएसच्या बॅटऱ्या थंड खोलीतच ठेवा. २५ अंशांच्या पुढे प्रत्येक १० अंशांना त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि नागपुरात जिन्याखालच्या कोंदट कपाटात ठेवलेल्या बॅटरीचं काय होत असेल ते तुम्हीच बघा.

छतावर सोलर आहे म्हणून काळजी नाही असं समजणारे व्यवस्थापकही भेटतात. ग्रिडला जोडलेला साधा सोलर लाईन गेली की स्वतःहून बंद होतो, लाईनमनच्या सुरक्षेसाठी तो तसाच बनवलेला असतो.

काही तासांची नव्हे, दीड-दोन दिवसांची तयारी

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी ओसंडला, नाग नदी रस्त्यांवर आली, अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी पाण्यात, मोरभवनचं बसस्थानक पाण्यात. अशा वेळी वीज बिघडून जाते असंच नाही, ती मुद्दाम बंद करावी लागते, आणि बंद केलीच पाहिजे, नाहीतर पाण्यात उतरलेली माणसं मरतील. पाणी ओसरून पेट्या वाळेपर्यंत ती परत येत नाही.

माझ्या माहितीतल्या एका इमारतीत जनरेटर उंच ओट्यावर कोरडा होता आणि त्याचं पॅनल तळघरात छातीभर पाण्यात. पॅनल, चेंजओव्हर, केबलची तोंडं, टाकीतून डिझेल चढवणारा पंप, हे सगळं जनरेटरइतकंच उंच हवं. पाण्यात गेलेल्या पॅनलमध्ये पुसून लगेच वीज सोडू नका. वाळवा, मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावा. १ मेगाओहमच्या खाली असेल तर वीज सोडायची नाही.

डिझेलचा हिशोब कागदावर करा. १२५ केव्हीएचा सेट पाऊण लोडवर तासाला साधारण २० लिटर पितो. मोठी टाकी बहुतेक ठिकाणी ९९० लिटरची असते, कारण १,००० लिटरपेक्षा मोठं भांडं किंवा एकूण २,५०० लिटरपेक्षा जास्त साठा झाला की परवाना लागतो. भरलेली ९९० ची टाकी म्हणजे दोन दिवस. पण बघायला गेलं तर तिच्यात दोनशे लिटर असतं, म्हणजे दहा तास. त्या दहा तासांत रस्ते पाण्यात असतात, आणि पेट्रोलपंपाचं यंत्रही विजेवरच चालतं. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, इतकं लेखा विभागाकडून लेखी घ्या.

कोराडी आणि खापरखेडा ही वीज केंद्रं शेजारीच आहेत, नागपूरची लाईन फार वेळ जाणार नाही, असंही लोक म्हणतात. मला ते पटत नाही. औष्णिक केंद्राला स्वतः सुरू व्हायलाच बाहेरून वीज लागते: कोळशाच्या चक्क्या, मोठे पंखे, बॉयलरला पाणी देणारे पंप. ग्रिड पूर्ण बसलं तर शेजारचं केंद्रही आधी अंधारातच असतं. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईसारख्या शहराची लाईन भर सकाळी गेली होती.

दोन फीडर, म्हणजे वीज आणणाऱ्या दोन वेगळ्या लाईनी, घेतलेत म्हणून निश्चिंत असाल तर महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन एकच विचारा, दोन्ही कुठल्या उपकेंद्रातून येतात. एकाच उपकेंद्रातून, एकाच खंदकातून येत असतील तर ते दोन नाहीत. आणि महावितरणकडे तुमच्या ग्राहक क्रमांकावर नोंदवलेला मोबाईल कुणाचा आहे ते तपासा. एका ठिकाणी नियोजित शटडाऊनचे सगळे मेसेज निवृत्त झालेल्या लिपिकांना जात होते, आणि ते गावी राहायला गेलेले. १९१२ वर तक्रार देताना "रुग्णालय" हा शब्द पहिल्या वाक्यात बोला.

स्वतःचा सेटच गेला तर भाड्याचा आणावा लागतो. नागपुरात लग्नाच्या मंडपवाल्यांकडे चांगले सेट असतात. दोघांचे नंबर आणि सेटची क्षमता आधीच लिहून ठेवा, आणि इमारतीबाहेर केबल जोडायची पेटी आताच बसवून घ्या. जोडताना फेजचा क्रम मीटरने तपासा. क्रम उलटला तर दिवे लागतात पण पंप उलटा फिरतो आणि वरच्या टाकीत थेंब चढत नाही. पंपघरात मी या एका कारणापायी तीन तास घालवलेत.

लसींच्या आयएलआरची (आत बर्फाचं अस्तर असलेला फ्रिज) काळजी शेवटी करा. चोवीस तासांत सलग आठ तास वीज मिळाली तरी तो २ ते ८ अंश धरून ठेवतो, झाकण उघडलं नाही तर.

चाचणी कशी करायची

मेन्स खरोखर पाडून. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी साडेसातला, शस्त्रक्रिया नसताना, डॉक्टर आणि इनचार्ज सिस्टरांच्या लेखी संमतीने, प्रत्येक व्हेंटिलेटरशेजारी अँबू बॅग आणि माणूस उभा करून. अमेरिकेतलं एनएफपीए ११० हे मानक जीव अवलंबून असलेल्या लोडला १० सेकंदांत वीज मागतं, आणि महिन्याला किमान ३० मिनिटं, किमान ३० टक्के लोडवर चालवायला सांगतं. आमच्याकडे आम्ही तेच धरतो. एक जण पॅनलसमोर घड्याळ घेऊन. बाकीचे मजल्यांवर, हातात मोबाईलचा चार्जर. प्रत्येक लाल सॉकेटमध्ये लावून बघायचा. तिन्ही फेजचे अँपियर, हर्ट्झ, पाण्याचं तापमान दर पाच मिनिटांनी लिहायचं. लाईन परत चढवल्यावर सेट लगेच बंद होऊ देऊ नका. परतीला पाच मिनिटांचा उशीर लावा, कारण आपल्याकडे आलेली लाईन दोन मिनिटांत पुन्हा जाते.

डॉक्टर पहिल्यांदा नाहीच म्हणतात. माझ्या ठिकाणी तीन महिने म्हणत होते. मी त्यांना त्या मेच्या रात्रीची गोष्ट सांगितली आणि एवढंच म्हणालो, लाईन जाणारच आहे, ती तुम्ही तयार असताना जावी की झोपेत असताना? चौकीदार काकांनाही आम्ही त्या चाचणीत चेंजओव्हर पलटवायला शिकवलं. आता पॅनलच्या दारावर मराठीत मोठ्या अक्षरात पाच पायऱ्या लिहिलेल्या आहेत, आणि काका त्या न वाचता करतात.

गेल्या रविवारी आठ सेकंदांत लोड आला. तिसऱ्या मजल्यावर खाट क्रमांक ३०७ जवळचा लाल सॉकेट मेलेला निघाला. आतली न्यूट्रल ढिली होती. दुपारपर्यंत बदलून दिला.